मॅग्नेशियम किती ते नंतर बघू, आधी ते बसलंय कुठे ते सांगा

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर ‘निवृत्त धातुतज्ज्ञाचा सल्ला’ असं लिहिलंय, खाली तज्ज्ञाचं नाव नाही. मजकूर थोडक्यात असा: खाडीच्या हवेत लोखंड टिकत नाही, सगळं काढून अ‍ॅल्युमिनियम बसवा, ते कधीच गंजत नाही. घेताना मॅग्नेशियम किती आहे विचारा, जितकं जास्त तितका ‘मरीन ग्रेड’ पक्का. माल मात्र शंभर टक्के शुद्धच मागा. वरून चकचकीत असेल तर आतूनही ठणठणीत. तडा गेला तर समजा भेसळ होती. आणि तुटलंच तर आर्गन वेल्डिंग मारा, नव्यासारखं होतं. शेवटी नेहमीप्रमाणे, ‘जनहितार्थ पुढे पाठवा’.

लोकांनी तो मनापासून पुढे पाठवला. माझं पोट धातूच्या तपासणीवर चालतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये नमुने कापायचे, घासायचे आणि मायक्रोस्कोपखाली धरायचे, हा रोजचा धंदा. त्यामुळे ‘हे खरं आहे का हो?’ म्हणून तो फिरून फिरून माझ्याकडेच येतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो. मॅग्नेशियम भरपूर हवं आणि शंभर टक्के शुद्धही हवं, या दोन मागण्या एका दमात करणाऱ्याने स्वतःचा मेसेज परत वाचलेला नाही, एवढं कुणालाही कळेल. बाकीच्या मुद्द्यांसाठी धातूच्या थोडं आत शिरावं लागेल.

धातूचा पत्रा एकसंध दिसतो, पण तो असतो दाण्यांचा. वितळलेला धातू थिजताना ठिकठिकाणी स्फटिक वाढू लागतात आणि वाढत वाढत एकमेकांना भिडतात. एकेक स्फटिक म्हणजे एक दाणा, इंग्रजी वळणाने आम्ही त्याला ग्रेन म्हणतो. अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये हे दाणे साधारण काही दशक मायक्रॉनचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोन दाणे जिथे भिडतात ती ग्रेन बाउंड्री. तिची रुंदी नॅनोमीटरभरही नसते. तिथे अणूंची रांग बिघडलेली, जागा सैल. म्हणून दाण्यात न मावलेले अणू सरकत सरकत तिथे येतात आणि तिथेच वेगळ्या संयुगाचे कण तयार करतात. अशा कणांना किंवा थरांना आम्ही ग्रेन बाउंड्रीवरचा फेज म्हणतो. चिरेबंदी भिंतीत चिरे अभंग राहतात, पण मधला चुना धुऊन गेला की भिंत हाताने ढकलून पडते. मेसेज लिहिणाऱ्याने चिरे मोजले, चुन्याकडे पाहिलंच नाही.

आता एकेक मुद्दा.

‘अ‍ॅल्युमिनियम कधीच गंजत नाही’

खिडक्यांपुरतं बोलायचं तर हे बरंचसं खरं आहे. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो, ओरखडा पडला तर पुन्हा धरतो. आपल्या स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन बहुतेक ६०६३ या नंबरच्या मिश्रधातूचे. त्यात मॅग्नेशियम ०.४५ ते ०.९ टक्के, सिलिकॉन ०.२ ते ०.६ टक्के. पावडर कोटिंग नीट झालेलं असेल तर ऐरोली-वाशीच्या खाऱ्या हवेत या खिडक्या लोखंडी ग्रिलपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. लोखंडी खिडकी काढून ही बसवली असेल तर निर्णय बरोबरच आहे, मेसेजवर चिडून तो बदलू नका.

पण खाऱ्या हवेतलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं आणि टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. शेजारी तांबं असेल तर आणखी वाईट. एसीच्या तांब्याच्या नळीवरचं पाणी वर्षानुवर्षं खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ठिबकत असेल तर त्या पट्टीकडे एकदा निरखून पाहा. हा झाला वरचा, डोळ्यांना दिसणारा गंज. त्याची मला फारशी धास्ती नाही, कारण तो दिसतो. धास्ती आहे ती पुढच्या मुद्द्यातल्या गंजाची.

‘मॅग्नेशियम जितकं जास्त, तितका मरीन ग्रेड पक्का’

सगळ्या मेसेजमधला हा सर्वांत घातक सल्ला. घातक अशासाठी की तो अर्धा बरोबर आहे.

मॅग्नेशियमचा अणू अ‍ॅल्युमिनियमच्या अणूपेक्षा मोठा. तो दाण्यात घुसून बसला की धातूतल्या थरांना एकमेकांवरून घसरणं जड जातं, म्हणजेच ताकद वाढते. समुद्राच्या पाण्यातही हा मिश्रधातू चांगला टिकतो. म्हणून जहाजबांधणीत ५०८३ हा नंबर घरचा झालाय. त्यात मॅग्नेशियम ४.० ते ४.९ टक्के. आता गोम बघा. ४५० अंश सेल्सिअसला अ‍ॅल्युमिनियम वजनाने पंधरा टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम पोटात सामावून घेतं. खोलीच्या तापमानाला हीच क्षमता दोन टक्क्यांच्याही आत येते. म्हणजे ५०८३च्या प्लेटमधलं निम्म्याहून जास्त मॅग्नेशियम आत जबरदस्तीने कोंबलेलं असतं. गार असताना त्याला हलायला बळ नसतं, म्हणून ते पडून राहतं. प्लेट थोडी तापली, साधारण ६५ अंशांच्या वर गेली आणि तशीच राहिली, की ते हलायला लागतं. आणि जातं कुठे? जिथे जागा सैल आहे तिथे, दाण्यांच्या सीमेवर.

तिथे जो फेज तयार होतो त्याला बीटा म्हणतात. तीन अणू अ‍ॅल्युमिनियम, दोन अणू मॅग्नेशियम. वजनाने पाहिलं तर सदतीस टक्क्यांच्या वर मॅग्नेशियमच. खाऱ्या पाण्यात हा बीटा बाजूच्या दाण्यापेक्षा फार लवकर विरघळतो. दोघे विजेच्या दृष्टीने जोडलेले असल्यामुळे बीटा अ‍ॅनोड होतो आणि झिजतो, दाणा कॅथोड होऊन शाबूत राहतो. बीटाचे कण सुटे-सुटे असतील तर एक कण विरघळतो, एक बारीक खड्डा पडतो, विषय संपतो. पण कण वाढून एकमेकांना जोडले गेले, सीमेवर अखंड पट्टी तयार झाली, की पाण्याला आत शिरायला तयार रस्ता मिळतो. त्यात प्लेटवर ताण असेल, वेल्डिंगमुळे राहिलेला असो की लाटांच्या माराचा, तर त्याच रस्त्याने तडा सरकत जातो.

किती वेळ लागतो? ते तापमानावर आहे. प्रयोगशाळेत ५०८३ मुद्दाम बिघडवायचं असेल तर शंभर अंशांवर सात दिवस ठेवायचं, ही जुनी रीत. दीडशे अंशांवर एक-दोन दिवस पुरतात. साठ-सत्तर अंशांना महिने, वर्षं. म्हणून प्रेशर व्हेसलच्या नियमांत तीन टक्क्यांहून जास्त मॅग्नेशियमचं अ‍ॅल्युमिनियम ६५ अंशांच्या वर वापरू नये, अशी मर्यादा घालून दिलेली असते.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. नवी मुंबईत गच्ची तिथे सोलर गरम पाण्याची टाकी. हा मेसेज वाचून एखाद्या हौशी कमिटीने ठरवलं, की पुढची टाकी ‘मरीन ग्रेड’ची, जास्तीत जास्त मॅग्नेशियमवाली बनवून घेऊ. आत साठ-सत्तर अंशांचं क्लोरीनयुक्त पाणी, तेही रोज आणि वर्षानुवर्षं. दुकानात महागातली प्लेट घेऊन तिला नेमक्या त्याच परिस्थितीत ठेवायचं, ज्यात ती आतून पोखरली जाणार! गरम मालासाठी उलट कमी मॅग्नेशियमचे ग्रेड बनवलेले आहेत. ५४५४ घ्या: मॅग्नेशियम २.४ ते ३.० टक्के. गरम डांबर वाहणाऱ्या टँकरला हेच वापरतात. ५०५२मध्येही २.२ ते २.८च. इथे कमी तेच बरं.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर अमेरिकी नौदलाला विचारा. त्यांच्या टायकोंडेरोगा वर्गाच्या क्रूझर जहाजांचा वरचा भाग ५४५६ या अ‍ॅल्युमिनियमचा, मॅग्नेशियम ४.७ ते ५.५ टक्के. मेसेजच्या हिशेबाने याहून पक्कं काही असूच नये. उन्हात तापणाऱ्या त्या डेकवर आणि भिंतींवर बीटा जमत गेला आणि सगळ्या जहाजांवर मिळून हजारो तडे मोजावे लागले. पैसा, माणसं, तज्ज्ञ कशाची म्हणून कमतरता नसलेल्या नौदलाची ही गत.

नागरी बोटींनाही याचा फटका बसला. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ५०८३च्या काही प्लेट गंजाच्या चाचणीत न बसणाऱ्या स्थितीतच बोटी बांधणाऱ्यांकडे गेल्या आणि बोटींना तडे पडले. त्यानंतर एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने बी ९२८ हे खास सागरी प्लेटचं मानक काढलं. त्यात नुसतं मॅग्नेशियम किती आणि ताकद किती एवढ्यावर भागत नाही. सीमेवर बीटाचं अखंड जाळं नाही, हे मायक्रोस्कोपखाली दाखवावं लागतं. बोटीसाठी प्लेट घेणाऱ्याने दुकानदाराला ‘मॅग्नेशियम किती’ विचारण्याऐवजी ‘बी ९२८चा माल आहे का’ हे विचारावं. टेंपरही पाहावा, म्हणजे कारखान्यात धातूवर केलेल्या प्रक्रियेचा नंबर: एच ११६ किंवा एच ३२१. आणि तरीही लक्षात ठेवावं, की हे प्रमाणपत्र माल कारखान्यातून निघाला त्या दिवसाचं आहे. पुढे तुम्ही तीच प्लेट इंजिनाच्या गरम पाइपला खेटून बसवलीत तर टेंपर काही तिला वाचवणार नाही.

‘वरून चकचकीत असेल तर आतूनही ठणठणीत’

इथे मी तुम्हाला लॅबमध्ये नेतो, कारण बोलण्यापेक्षा हे पाहण्यासारखं आहे.

टेबलावर ५०८३च्या दोन पट्ट्या आहेत, बोटाएवढ्या. दोन्ही एकाच प्लेटमधल्या, फक्त एक पट्टी शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये आठवडाभर राहून आलेली. रंग तोच, चकाकी तीच. जाडी मोजा, तीच. दोघींवर स्पेक्ट्रो मारा, म्हणजे घटकांचं प्रमाण मोजणारं यंत्र लावा, मॅग्नेशियमचा आकडा तोच, कारण मॅग्नेशियम कुठे गेलेलंच नाही; फक्त घरातल्या घरात जागा बदललीय. नेहमीची हार्डनेस घेतली तरी फरक नगण्य.

आता दोन्ही पट्ट्यांचे तुकडे धरायला सोपे जावेत म्हणून प्लास्टिकच्या गोळ्यात बसवून पॉलिश करायचे, आरशासारखे. मग दहा टक्के फॉस्फरिक अ‍ॅसिड पन्नासेक अंशांपर्यंत कोमट करून त्यात काही मिनिटं बुडवायचे, धुवायचे, वाळवायचे आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचे. पहिल्या तुकड्यात राखाडी मैदान आणि त्यावर विखुरलेले काळे-करडे ठिपके. ते मँगनीज-लोखंडाचे आणि मॅग्नेशियम-सिलिकॉनचे कण, त्यांची काळजी नाही. दाण्यांच्या सीमा जेमतेम दिसतात, कुठे कुठे दिसतच नाहीत. दुसऱ्या तुकड्यात प्रत्येक दाण्याभोवती काळी रेघ. लाटलेल्या प्लेटचे दाणे आडवे, चपटे असतात, म्हणून ते जाळं लांबट होडग्यांच्या ओळीसारखं दिसतं. रेघ कुठे तुटली आहे का ते बघत आम्ही नमुना सरकवत राहतो. तुटक असेल तर जीवात जीव येतो. अखंड असेल तर रिपोर्टात काय लिहायचं ते ठरलेलं.

आकडा हवा असेल तर एएसटीएमची जी ६७ चाचणी. पट्टी कॉस्टिकने साफ करायची, अचूक वजन करायचं आणि तीस अंशांच्या तीव्र नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये चोवीस तास सोडायची. नायट्रिकची गंमत अशी, की ते अ‍ॅल्युमिनियमच्या दाण्याला जवळजवळ हात लावत नाही, पण बीटाला खाऊन टाकतं. सीमा रिकाम्या झाल्या की दाणे अख्खेच्या अख्खे सुटून पडतात. दुसऱ्या दिवशी फ्यूम हूडमधून बीकर काढला की चांगल्या पट्टीखाली तळ स्वच्छ. बिघडलेल्या पट्टीखाली करडी रेव बसलेली असते. पट्टी नळाखाली धरून ब्रश फिरवला की आणखी कण निघतात आणि कडेवरून बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं लागतं. मग पुन्हा वजन. दर चौरस सेंटिमीटरला १५ मिलिग्रॅमपर्यंत घट असेल तर पास. २५च्या वर गेली तर माल बिघडलेला. मधल्या आकड्यांना पुन्हा मायक्रोस्कोप.

आता गणित करा. समजा घट ५० मिलिग्रॅम आली, म्हणजे पास होण्याच्या मर्यादेच्या तिप्पटीहून जास्त. अ‍ॅल्युमिनियमच्या घनतेने भागलं तर ती सरासरी ०.१९ मिलिमीटर जाडी भरते. तीही अ‍ॅसिडात चोवीस तास घातल्यावर. प्रत्यक्ष वापरात नुसता बीटा जमलेला असतो, अजून काही विरघळलेलं नसतं, तेव्हा जाडीची घट शून्य. जाडी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक गेजला काहीच सापडत नाही, नजरेला काहीच दिसत नाही, आणि हवी तितकी घासपूस करा, पत्रा आणखीच चमकतो. ‘चकचकीत म्हणजे ठणठणीत’ या कसोटीवर बिघडलेली पट्टी दर वेळी पास होणार.

‘शंभर टक्के शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच मागा’

मागून बघा. जवळजवळ शुद्ध, मऊ केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमचा वाक येण्याआधी पेलता येणारा ताण, तीस-पस्तीस मेगापास्कलच्या आसपास असते. त्याची शिडी केली तर पहिल्याच पायरीला वाकेल. ७०७५-टी ६ या मिश्रधातूची पाचशेच्या घरात असते. ही पंधरापट ताकद आली कुठून? दुसऱ्या फेजमधून. झिंक आणि मॅग्नेशियमचे अतिसूक्ष्म कण दाण्याच्या पोटात दाटीवाटीने पसरलेले असतात आणि धातूचा घसरता थर त्यांना अडखळतो. म्हणजे ज्याला मेसेजवाला मळ समजतोय, त्याच्याच जोरावर विमानं उडतायत.

हे कळायलाही वेळ लागला. आल्फ्रेड विल्म या जर्मन संशोधकाने १९०६ मध्ये पाहिलं, की तांबं आणि मॅग्नेशियम घातलेलं अ‍ॅल्युमिनियम तापवून पाण्यात विझवलं आणि नुसतं ठेवून दिलं तरी काही दिवसांत आपोआप कडक होतं. का होतं, ते त्याला दिसणं शक्य नव्हतं. कण इतके लहान की तेव्हाच्या मायक्रोस्कोपची मजल तिथे पोहोचत नव्हती. १९३८ मध्ये गिनिए आणि प्रेस्टन यांनी वेगवेगळं काम करत, एक्स-रेच्या साहाय्याने, त्या कणांचा माग काढला.

पण ७०७५च्या बाबतीतही प्रश्न तोच: कण बसलेत कुठे? टी ६ टेंपरमध्ये ताकद कमाल, पण सीमेवरचे कण बारीक आणि एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे ताण आणि ओल मिळाली की सीमेवरून तडा जातो. विमानधंद्याला हे महागात पडल्यावर टी ७३ टेंपर आला. धातू मुद्दाम जास्त वेळ तापवून सीमेवरचे कण जाड आणि विरळ होऊ द्यायचे. ताकद दहा-पंधरा टक्के कमी होते, तडे जवळजवळ थांबतात. रासायनिक घटक तेच, शुद्धता तीच. बदलली ती फक्त मांडणी. ताकद कमी करून भरवसा विकत घेतला, आणि माझ्या मते सौदा स्वस्तात झाला.

आता इथे एक कोपरा आहे जो मला स्वतःला फार आवडतो. अ‍ॅल्युमिनियम सोडा, मॅग्नेशियमच मुख्य धातू असलेला मिश्रधातू घ्या. एझेड ९१, म्हणजे नऊ टक्के अ‍ॅल्युमिनियम, एक टक्का झिंक, बाकी मॅग्नेशियम. हलक्या कास्टिंगमधलं नेहमीचं नाव. यातही दाण्यांच्या सीमेवर एक फेज जमतो, सतरा अणू मॅग्नेशियमला बारा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि योगायोगाने त्यालाही बीटाच म्हणतात. पण इथे सगळं उलटं. हा बीटा दाण्यापेक्षा कमी गंजतो. त्याचे सुटे कण असतील तर ते कॅथोड होऊन बाजूच्या मॅग्नेशियमला खायला लावतात. बारीक दाण्यांभोवती त्याचं अखंड जाळं असेल तर तेच जाळं तटबंदी होतं, गंज एका दाण्यातून दुसऱ्यात जायला अडतो. ५०८३मध्ये अखंड रेघ पाहिली की छातीत धस्स होतं. एझेड ९१मध्ये तीच रेघ हवीहवीशी वाटते. सीमेवरचा फेज चांगला की वाईट, असा सरसकट निकाल देताच येत नाही तो यामुळे.

त्याच एझेड ९१ला सव्वाशे अंशांच्या आसपास तापवा, मग हाच बीटा नरम पडतो, दाणे एकमेकांवरून सरकू लागतात आणि बोल्ट आपोआप सैल होतात. त्यावर उपाय म्हणून सीमेवर दुसरं काहीतरी मुद्दाम बसवतात. बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये आणलेल्या सहा सिलिंडरच्या एन ५२ इंजिनाच्या ब्लॉकचा बाहेरचा भाग मॅग्नेशियमचा होता, त्यात स्ट्राँशियम घातलेलं, की सीमेवर तापमानाला न डगमगणारं संयुग बसावं. २००६च्या कॉर्व्हेट झेड ०६मध्ये इंजिन पेलणारा सांगाडा मॅग्नेशियमचा, त्यात दुर्मीळ मृदा धातू, कारण तेच. शुद्ध मॅग्नेशियमचं इंजिन कुणी केलेलं नाही.

‘तडा गेला तर समजा भेसळ’

समजू नका, तपासा. वर सांगितलेल्या दोन पट्ट्यांचा स्पेक्ट्रो रिपोर्ट हुबेहूब सारखा आला होता. स्पेक्ट्रो धातूवर काही मिलिमीटरचा डाग जाळतो आणि त्यातल्या सगळ्याची सरासरी सांगतो. मॅग्नेशियम दाण्यात आहे की सीमेवर, हे सांगणं त्याच्या कुवतीबाहेर. पार्टी टीसी, म्हणजे मालाचं टेस्ट सर्टिफिकेट, घेऊन येते, माल बरोबर आहे, मग तुटला का, म्हणून भांडते. टीसी खरंच बरोबर असते. सप्लायरही अनेकदा निर्दोष असतो. त्याच्याशी भांडण्याआधी तडा दाण्यांच्या पोटातून गेलाय की त्यांच्या सीमेवरून, एवढं तरी पाहून घ्या.

कास्टिंगच्या बाबतीत मात्र मेसेजच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. भंगारातून गाळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंड साठत जातं, कारण एकदा मिसळलेलं लोखंड काढणं फार जिकिरीचं. थिजताना ते सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमबरोबर पातळ पातळ पत्र्या धरतं. मायक्रोस्कोपखाली त्या सुयांसारख्या दिसतात आणि तडा सुरू व्हायला आयती जागा देतात. म्हणून गाडीच्या अ‍ॅलॉय व्हीलला लागणाऱ्या ए ३५६मध्ये लोखंड ०.२ टक्क्यांच्या वर चालत नाही. पण म्हणून लोखंड म्हणजे भेसळ म्हणावं, तर रबाळे-पावणेकडच्या कुठल्याही डाय कास्टिंगवाल्याला विचारा. त्याच्या एडीसी १२ या नेहमीच्या मिश्रधातूत १.३ टक्क्यांपर्यंत लोखंड मंजूर असतं आणि त्याला ते थोडं हवंही असतं. नाहीतर वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पोलादी डायला (साच्याला) चिकटून बसतं. थोडं मँगनीज घातलं की त्या सुया मोडून गुंतागुंतीच्या, कमी टोकदार आकारात येतात. लोखंड तेवढंच, उपद्रव कमी.

‘तुटलंच तर आर्गन वेल्डिंग मारा, नव्यासारखं होतं’

दिसायला होतं, खरं आहे. वागळे इस्टेटमधला कसबी आर्गनवाला असा सुंदर टाका घालतो की पाहत राहावं. त्याच्या हाताला नाव ठेवायचं नाही, प्रश्न टाक्याच्या शेजारचा आहे.

शिडी, रेलिंग, गच्चीवरचे स्टँड अनेकदा ६०६१ किंवा ६०६३चे, टी ५ नाहीतर टी ६ टेंपरमध्ये असतात. ताकद येते ती दाण्यात पसरलेल्या मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या कणांतून. वेल्डच्या दोन्ही बाजूंना पट्टाभर धातू तापतो, ते कण फुगून जाड होतात किंवा विरघळतात, आणि मांडणी मोडते. ६०६१-टी ६ची ताणशक्ती ३१० मेगापास्कलच्या आसपास. वेल्डजवळ डिझाइनला धरतात १६५. नव्यासारखं सोडा, जेमतेम निम्मं. आणि वेल्ड करायची जागा कुठली, तर जिथे भार सर्वांत जास्त म्हणून मुळात तुटलं तीच.

शिवाय ६०६१ फिलर, म्हणजे जोडात वितळवायची तार, न घालता नुसतं वितळवून जोडलं तर थिजताना दाण्यांच्या सीमेवर शेवटपर्यंत पातळ द्रवाचा पापुद्रा राहतो, धातू आकसतो आणि गार होण्याआधीच सीमेवरून फाटतो. त्यासाठी पाच टक्के सिलिकॉनची ४०४३ किंवा पाच टक्के मॅग्नेशियमची ५३५६ तार वापरतात. त्यातली ५३५६ गरम जागी चालत नाही. का ते वर येऊन गेलंय. ७०७५ आणि २०२४ तर नेहमीच्या वितळवून जोडण्याच्या वेल्डिंगसाठी नाहीतच. १९९१ मध्ये इंग्लंडच्या टीडब्ल्यूआय संस्थेत धातू न वितळवता घुसळून जोडायची पद्धत निघाली, फ्रिक्शन स्टर वेल्डिंग. तिने असे मिश्रधातूही जोडता येतात, पण त्याचं मशीन नाक्यावरच्या गाळ्यात सापडणार नाही.

रेलिंगची नक्षी किंवा कुंड्यांचा स्टँड असेल तर खुशाल वेल्ड करा. माणूस ज्यावर उभा राहणार ती शिडी असेल तर वेल्ड नको, नवी घ्या. आणि जुनी भंगारात देताना आधी मधोमध कापून द्या, नाहीतर कुणीतरी तिला टाका मारून पुढच्या सोसायटीला विकेल.